आधी कॉलम मोजा, मग ब्लॉक ओढा

नागपुरात छोट्या धंदेवाल्यांना आपली वेबसाइट आपणच बनवायला शिकवताना मला एक गोष्ट सारखी दिसते. मजकूर तयार असतो, फोटो चांगले असतात, माऊसवर हातही बसलेला असतो. तरी पान गबाळं दिसतं. मथळा जरासा डावीकडे, फोटो त्याच्यापेक्षा किंचित खाली, बटण मध्येच कुठेतरी. कारण प्रत्येक ब्लॉक नजरेच्या अंदाजानं सोडलेला असतो. ग्रिडच्या, म्हणजे पानावर चौकटी आखून देणाऱ्या एडिटरमध्ये अंदाज उपयोगाचा नाही, मोजावं लागतं. आणि मोजायचं तरी किती, तर चोवीसपर्यंत.

हा लेख अगदी पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण आपल्याकडचंच घेऊ: काटोलजवळच्या बागेतली संत्री नागपुरात घरपोच देणाऱ्या कुटुंबाचं एक पान. त्यावर हवं काय? एक मथळा, बागेचा मोठा फोटो, बहाराची, म्हणजे फळांच्या हंगामाची दोन-चार वाक्यं, ऑर्डरचं व्हॉट्सॲप बटण, ५, १० आणि २० किलोच्या पेट्यांच्या दरांच्या तीन चौकटी आणि खाली नकाशा. इतकंच. पहिल्या पानासाठी हे पुष्कळ झालं.

ग्रिडचे आकडे

ग्रिड म्हणजे पानावर आखलेले उभे कॉलम आणि आडव्या रांगा. दोन कॉलमच्या मधली मोकळी पट्टी म्हणजे गॅप. स्क्वेअरस्पेस या वेबसाइट बनवण्याच्या सेवेचा फ्लुइड इंजिन हा एडिटर २०२२ मध्ये आला. त्यात संगणकाच्या मांडणीला २४ कॉलम मिळतात आणि मोबाइलच्या मांडणीला ८. वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जुलै २०२४ च्या ६.६ आवृत्तीपासून ग्रिडचा ब्लॉक आहे. तिथे कॉलम किती ते तुम्हीच ठरवता. या सगळ्याच्या मुळाशी ब्राउझरमधली सीएसएस ग्रिड ही कॉलम-रांगा आखण्याची सोय आहे. मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिन्ही ब्राउझरांत ती आली, आणि तिथून अशा एडिटरांचा रस्ता मोकळा झाला.

आकडा २४ च का? त्याला २, ३, ४, ६, ८ आणि १२ या सगळ्यांनी पूर्ण भाग जातो, म्हणून. दोन चौकटी हव्यात तर १२-१२, तीन हव्यात तर ८-८-८, चार हव्यात तर सहा-सहा. पाचानं भाग जात नाही, तरी पाच चौकटीही बसतात: प्रत्येकी ४ कॉलम, आणि दोन चौकटींच्या मध्ये १ कॉलम मोकळा. पाच चोक वीस आणि मधले चार, झाले चोवीस.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ग्रिडवर ब्लॉकची जागा म्हणजे चार आकडे: कितव्या कॉलमपासून, किती कॉलम रुंद, कितव्या रांगेपासून, किती रांगा उंच. "फोटो १३ पासून १२ कॉलम, पहिल्या रांगेपासून ९ रांगा" एवढं सांगितलं की जगातल्या कुठल्याही माणसाला तो फोटो त्याच जागी ठेवता येईल. "उजवीकडे थोडा मोठा" म्हटलं तर तुम्हालाच उद्या तसा ठेवता येणार नाही.

इथे नवख्यांचा हिशेब एका घरानं चुकतो. पाचव्या कॉलमपासून ८ कॉलम रुंद ब्लॉक कुठे संपतो? तेराव्यावर नाही, बाराव्यावर. पाचवा कॉलम स्वतः मोजण्यात येतो. पुढचा ब्लॉक तेराव्यापासून. बोटांवर एकदा मोजून बघा, पटेल.

गॅपचाही हिशेब समजून घ्या. समजा पानाची कामाची रुंदी ११९० पिक्सेल आहे आणि गॅप १० पिक्सेल. २४ कॉलमच्या मध्ये २३ गॅप, म्हणजे २३० पिक्सेल त्यातच गेले. उरले ९६०, भागिले २४, म्हणजे एक कॉलम ४० पिक्सेलचा. मग १२ कॉलमचा ब्लॉक ४८० पिक्सेलचा व्हायला हवा ना? होत नाही, तो ५९० चा होतो, कारण त्याच्या पोटातले ११ गॅपही त्यालाच मिळतात. ८ कॉलमचा ब्लॉक ३९० चा. तीन आठ-आठचे ब्लॉक आणि मधले दोन गॅप मिळून पुन्हा ११९० भरतात. फोटो किती पिक्सेलचा कापायचा, हा प्रश्न या हिशेबानं सुटतो.

वही काढा

मुलांची गणिताची चौकटींची वही घ्या आणि आडव्या २४ चौकटी मोजून पेन्सिलनं एक चौकोन आखा. एडिटर अजून उघडू नका. माझ्याकडे येणारे या पायरीला कंटाळतात, पण मी ती कुणालाही गाळू देत नाही. कागदावर ब्लॉक हलवायला खोडरबर लागतो, त्यामुळे माणूस विचार करून ठेवतो.

आपल्या संत्र्याच्या पानाची मांडणी मी अशी करेन. पहिला कॉलम मोकळा. मथळा दुसऱ्यापासून १० कॉलम, म्हणजे ११ पर्यंत. बारावा मोकळा. फोटो १३ पासून १२ कॉलम, थेट २४ पर्यंत, उजव्या काठाला टेकलेला. मथळ्याच्या खाली बहाराचा मजकूर, तोही दुसऱ्यापासून १० कॉलम. त्याखाली बटण, दुसऱ्यापासून ५ कॉलम.

दरांच्या तीन चौकटींसाठी ८-८-८ घेण्याचा मोह होईल. घेऊ नका. मथळा दुसऱ्या कॉलमपासून सुरू होतो, तर पहिली चौकटही दुसऱ्यापासूनच सुरू झाली पाहिजे. डाव्या कडेची ती सरळ रेघ पान नीटस दिसण्याचं मोठं कारण असते. दोन्ही काठांचा एकेक कॉलम सोडला तर २२ उरतात. तीन चौकटी प्रत्येकी ६ कॉलम, मध्ये दोन ठिकाणी दोन-दोन कॉलम मोकळे: अठरा आणि चार, बावीस. म्हणजे चौकटी २ ते ७, १० ते १५ आणि १८ ते २३. नकाशा २ ते २३.

मोकळे कॉलम वाया गेले असं समजू नका. दुकानाच्या मालकांना रिकामी जागा बघवत नाही, तिथे आणखी एक फोटो, आणखी एक ऑफर टाकावीशी वाटते. पण तो बारावा कॉलम मोकळा आहे म्हणून मथळा आणि फोटो वेगवेगळे कळतात.

ब्लॉक जागेवर नेणं

आता एडिटर उघडा. नवा सेक्शन, म्हणजे पानाचा एक आडवा पट्टा घ्या आणि ब्लॉक एकेक करून टाका. नवा ब्लॉक एडिटर त्याच्या मर्जीच्या जागी टाकतो, त्याची काळजी करू नका.

फ्लुइड इंजिनमध्ये कीबोर्डवरचं जी दाबलं की ग्रिडच्या रेघा दिसतात. काम संपेपर्यंत त्या चालूच ठेवा. दुसऱ्या एडिटरमध्ये रेघा दाखवण्याचं बटण असतं किंवा ब्लॉक ओढायला लागल्यावर त्या आपोआप उमटतात.

ब्लॉकवर एकदा क्लिक केलं की तो निवडला जातो, भोवती चौकट येते. मजकुराच्या ब्लॉकवर दोनदा क्लिक केलं की आतलं लिखाण सुरू होतं. पुष्कळांना ब्लॉक हलवायचा असतो आणि कर्सर अक्षरांत जाऊन बसतो. मग ओढलं की ब्लॉक हलत नाही, शब्द निवडले जातात. तसं झालं तर बाहेर मोकळ्या जागी क्लिक करा आणि पुन्हा एकदाच क्लिक करून ओढा.

ओढताना आपली नजर ब्लॉकच्या मध्यावर जाते. ती तिथे नको. फक्त वरच्या डाव्या कोपऱ्याकडे बघा, कारण जागा त्या कोपऱ्यावरून ठरते. आपला फोटो १३ पासून सुरू व्हायचा आहे: कोपरा तेराव्या कॉलमच्या पहिल्या रांगेवर आला की सोडा. उजवी बाजू पानाबाहेर जातेय असं वाटलं तरी चालेल, ती पुढच्या पायरीत नीट होईल. एखाद-दुसऱ्या घरानं चुकलं तर पुन्हा ओढत बसण्यापेक्षा बाणांच्या कीनं ब्लॉक एकेक घर सरकतो का ते बघा. ट्रॅकपॅडवर काम करणाऱ्यांना तर बाण फारच सोयीचे.

दरांच्या तीन चौकटींसाठी तीनदा मेहनत करू नका. एक चौकट पूर्ण बनवा, अक्षरांचा आकार, रंग, सगळं. मग तिची डुप्लिकेट प्रत दोनदा काढा, दहाव्या आणि अठराव्या कॉलमवर न्या आणि आतले आकडे बदला. तिन्ही एकत्र खाली सरकवायच्या असतील तर शिफ्ट दाबून तिन्हींवर क्लिक करा आणि एकदमच ओढा; त्यांच्यातलं अंतर जसंच्या तसं राहतं.

आकार बदलणं

निवडलेल्या ब्लॉकच्या कडांवर आणि कोपऱ्यांवर छोट्या मुठी दिसतात. उजवी कड ओढली तर फक्त रुंदी बदलते. डावी कड ओढली तर रुंदी बदलते आणि सुरुवातही बदलते. वरच्या आणि खालच्या कडेचं तसंच: खालच्या कडेनं उंचीच बदलते, वरच्या कडेनं उंची आणि सुरुवातीची रांग दोन्ही. कोपरा पकडला तर एकदम दोन दिशांना बदल होतो.

म्हणून माझा नियम असा: आधी डावा वरचा कोपरा जागेवर, नंतर फक्त उजवी आणि खालची कड ओढायची. डाव्या कडेला हात लावायचा नाही. मथळ्याचा ब्लॉक दुसऱ्या कॉलमवर बसला, आता उजवी कड पकडून अकराव्याच्या शेवटापर्यंत आणा. झालं. या क्रमानं केलं तर डावीकडची सरळ रेघ कधीच बिघडत नाही.

फोटोचं थोडं वेगळं आहे. ब्लॉक लांबट केला की फोटो ताणला जात नाही, तो कापला जातो. सेटिंगमध्ये फिल असेल तर फोटो पूर्ण चौकट भरतो आणि जास्तीचा भाग बाहेर राहतो. फिट असेल तर अख्खा फोटो दिसतो, पण बाजूला मोकळी पट्टी राहते. बागेच्या मोठ्या फोटोला फिल बरं. मात्र मग महत्त्वाचा भाग कोणता हे एडिटरला सांगावं लागतं. फोटोवरचा केंद्राचा ठिपका हलवून तो फळांनी लगडलेल्या फांदीवर ठेवा, नाहीतर फोनवर नुसतं आकाश दिसेल. पेटीवरच्या लेबलाचा फोटो असेल तर फिट ठेवा, कारण तिथे एक अक्षरही कापलं जाऊन चालत नाही.

मराठी मजकूर असेल तर

एडिटरमध्ये आयते मिळणारे नमुने बहुतेक इंग्रजी अक्षरांच्या मापानं बेतलेले असतात. आपल्या अक्षरांना वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार. ओळींमधलं अंतर कमी असेल तर "नागपुरी" मधला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीला जाऊन भिडतो, आणि मोठ्या मथळ्यात तर हे लगेच डोळ्यांत खुपतं. मजकुराला ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या १.६ पटीच्या आसपास ठेवा, मथळ्याला १.३ च्या खाली जाऊ नका. ओळींचं अंतर वाढवलं की ब्लॉक एखाद-दोन रांगा उंच होतो. म्हणून आधी फॉन्ट, अक्षरांचा आकार आणि ओळीची उंची ठरवा, मग ब्लॉकची उंची. उलट केलं तर दोनदा काम होतं. फॉन्टमध्ये मुक्त (Mukta) किंवा नोटो सान्स देवनागरी हे दोन्ही फुकट मिळतात आणि छोट्या आकारातही स्वच्छ वाचता येतात.

दुसरी अडचण लांब शब्दांची. आपल्याकडे प्रत्यय शब्दाला चिकटतो, त्यामुळे "बागाईतदारांकडून" हा एकच शब्द होतो. चार कॉलमच्या चौकटीत तो मोठ्या अक्षरात मावत नाही, बाहेर डोकावतो. दोन उपाय आहेत: चौकट सहा कॉलमची करा किंवा मजकूर बदला. मी बहुतेक वेळा मजकूर बदलते. "थेट बागेतून" हे छोटंही आहे आणि गोडही.

आणि नमुन्यातल्या खोट्या मजकुरावर मांडणी पक्की करू नका. आपला खरा मजकूर टाका, तोही सगळ्यात लांब असेल तो. आंबिया बहाराची फळं पावसाळा सरल्यावर येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, म्हणजे बहाराचा मजकूर वर्षातून दोनदा तरी बदलणार. दोन्ही मजकूर आत्ताच लिहून ठेवा आणि लांब असेल त्यावर ब्लॉकची उंची ठरवा.

एकावर एक ब्लॉक

"आंबिया बहार सुरू" अशी छोटी पट्टी फोटोच्या कोपऱ्यावर ठेवायची असेल तर मजकुराचा ब्लॉक सरळ फोटोवर ओढा. फ्लुइड इंजिनमध्ये ब्लॉक एकमेकांवर चढतात. पट्टी फोटोच्या मागे गेली तर ब्लॉकच्या छोट्या टूलबारमधून ती पुढे आणा. पट्टीला भक्कम रंगाची पार्श्वभूमी द्या. पानांच्या हिरव्या-काळ्या गर्दीवर नुसती अक्षरं वाचता येत नाहीत. अशी चढाओढ पानावर एका ठिकाणी पुरे.

फोन

ग्राहकाच्या हातात फोन असतो, आणि मांडणीत वेळ द्यायचा तो इथे द्यायचा. लॅपटॉपवर झालं म्हणजे काम झालं असं समजून अनेक जण पान प्रसिद्ध करून टाकतात, आणि मग "तुमचं पान वाकडंतिकडं दिसतंय" असं नातेवाईकच कळवतात.

फ्लुइड इंजिनमध्ये मोबाइलची मांडणी वेगळी साठवली जाते. वर उजवीकडच्या चिन्हावरून तिथे जा. इथे ब्लॉक हलवला, मोठा-छोटा केला तर संगणकावरच्या जागेला धक्का लागत नाही. पण मजकूर एकच आहे. इथे शब्द बदलला तर तिकडेही बदलतो, आणि इथे ब्लॉक पुसला तर तिकडूनही जातो. नवा ब्लॉक संगणकाच्या मांडणीत टाकला की तो मोबाइलमध्येही येतो आणि त्याची जागा एडिटर आपल्या मनानं ठरवतो. त्यामुळे पानात काहीही भर घातली की एकदा इकडे येऊन बघायचंच.

आठ कॉलमचा हिशेब करू. ३६० पिक्सेल रुंदीचा फोन, दोन्ही काठांना २० सोडले, उरले ३२०. गॅप ८ पिक्सेल धरला तर सात गॅपचे ५६. उरलेले २६४, भागिले ८, म्हणजे एक कॉलम ३३ पिक्सेलचा. बोटानं दाबायच्या गोष्टीला निदान ४४ पिक्सेल तरी असावेत, असं सुगम्यतेचे, म्हणजे पान सगळ्यांना वापरता यावं यासाठीचे निकष सुचवतात. म्हणजे एका कॉलमचं बटण त्या मापाला कमी पडतं, दोन कॉलमचं ७४ पिक्सेलचं होतं, ते चालतं. ऑर्डरचं बटण मी तिथे पूर्ण आठ कॉलम घेते, दोन रांगा उंच. बसमध्ये उभ्यानं, एका हातानं फोन धरलेल्या माणसालाही ते दाबता आलं पाहिजे.

दरांच्या चौकटी चार-चार कॉलमच्या करून दोन शेजारी ठेवता येतील. प्रत्येकी १५६ पिक्सेल. पण आपल्या तीन आहेत, तिसरी एकटी पडते. तिन्ही आठ-आठ कॉलमच्या, एकाखाली एक ठेवा, आणि प्रत्येकीची उंची कमी करा.

क्रम मात्र नीट ठरवा. संगणकावर मथळा डावीकडे आणि फोटो उजवीकडे एकदम दिसतो. फोनवर एकामागून एक. माझा क्रम: मथळा, फोटो, बटण, दर, बहाराची माहिती, नकाशा. बटण फोटोच्या लगेच खाली, कारण जुना ग्राहक माहिती वाचायला थांबत नाही, त्याला पेटी मागवायची असते. संगणकावर बहाराची माहिती बटणाच्या वर आहे, इथे ती खाली गेली. मांडण्या वेगळ्या आहेत म्हणूनच हे करता येतं.

फोटोवर चढवलेली पट्टी इथे हमखास घसरते. ती फोटोच्या नव्या जागेवर हातानं नेऊन बसवा.

वर्डप्रेस वापरत असाल तर

तिथे ग्रिडचा ब्लॉक टाकल्यावर बाजूच्या पट्टीत दोन पर्याय येतात. मॅन्युअलमध्ये कॉलम किती ते तुम्ही सांगता, आणि आतला प्रत्येक ब्लॉक किती कॉलम व किती रांगा व्यापेल ते कॉलम स्पॅन आणि रो स्पॅन या आकड्यांनी ठरतं. मोजण्याची सवय लागलेल्या माणसाला हे ओढाताणीपेक्षा सोपं जातं.

ऑटोमध्ये तुम्ही फक्त चौकटीची कमीत कमी रुंदी सांगायची; जागा असेल तितक्या चौकटी शेजारी बसतात, उरलेल्या खाली उतरतात. फोनसाठी वेगळी मांडणी करावी लागत नाही, म्हणून दरांच्या चौकटींना ऑटो चांगलं. एक खाचखळगा आहे. रुंदी ११९० पिक्सेल आणि गॅप २४ धरा. किमान रुंदी १६ रेम (रेम म्हणजे पानाच्या मूळ अक्षराच्या आकारावरचं माप), म्हणजे साधारण २५६ पिक्सेल दिली तर एका रांगेत चार चौकटींची जागा होते. आपल्या तीन बसतात आणि उजवीकडे चौथीची जागा ओकीबोकी राहते. किमान रुंदी १८ रेम करा, म्हणजे २८८ पिक्सेल. आता चार मावत नाहीत, तीन पूर्ण रुंदी भरतात, आणि ३२० पिक्सेलच्या फोनवर एकेक खाली उतरते.

प्रसिद्ध करण्याआधी

एडिटरमधला मोबाइलचा देखावा बघून थांबू नका, खऱ्या फोनवर पान उघडा. घरातल्या वडीलधाऱ्यांचा फोन मागा. त्यांनी अक्षरं मोठी करून ठेवलेली असतात, आणि तिथे मजकूर ब्लॉकबाहेर सांडत असेल तर लगेच कळतं. सांडत असेल तर त्या ब्लॉकला एक-दोन रांगा वाढवा.

मग लॅपटॉपवर टॅबची की दाबत पानभर फिरा. निवड वरून खाली, डोळ्यांना दिसतं त्याच क्रमानं सरकते का ते बघा. ग्रिडवर ब्लॉक कुठेही नेला तरी पानाच्या आतला वाचनाचा क्रम आपोआप बदलतोच असं नाही, आणि दृष्टिहीन माणूस स्क्रीन रीडरवर, म्हणजे पान वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर तोच आतला क्रम ऐकतो. निवड आधी नकाशावर आणि मग उलटी वर बटणावर उडी मारत असेल, तर वर्डप्रेसमध्ये लिस्ट व्ह्यू, म्हणजे ब्लॉकची यादी उघडून ब्लॉक तिथे वर-खाली करा. आतला क्रम नीट झाल्यावर मांडणी पुन्हा एकदा तुमच्या वहीतल्या आकड्यांशी ताडून बघा आणि पान प्रसिद्ध करा.